रोजच्या फोटोंसाठी डीएसएलआर विकून टाकायचा? मी नाही विकणार

चर्नीरोडकर
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं: "रोजच्या फोटोंसाठी डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) म्हणजे गळ्यातलं लोढणं. फोनमध्ये सगळं आलंय. भाव मिळतोय तोवर विकून मोकळे व्हा." खाली पटापट अंगठे. दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होईना, म्हणून इथे धागा काढतोय.

सगळं आलंय म्हणजे नक्की काय आलंय? गेल्या गोकुळाष्टमीला आमच्या गल्लीतली हंडी संध्याकाळी सातला फुटली. आभाळ भरलेलं, उजेड फक्त मंडळाच्या हॅलोजनचा. शेजारच्या पोराकडे नवाकोरा महागडा फोन. त्याच्या फोटोत वरच्या गोविंदाला तीन हात आहेत, कारण फोन कमी उजेडात पाचसहा फ्रेम एकावर एक रचतो आणि तेवढ्यात हात हललेला असतो. माझ्या आठ वर्षं जुन्या कॅमेऱ्यात, ५० एमएमची साधी लेन्स, शटर १/८०० सेकंद: दह्याची धार हवेत सुटी दिसते आणि खापरीचा तुकडा त्या पोराच्या बोटांपासून चार इंचांवर लटकलाय. फोटोत दाणे आहेत, कबूल. पण जे घडलं तेच आहे.

दुसरं म्हणजे बटणं. डोळा व्ह्यूफाइंडरला (कॅमेऱ्यातून बघायच्या खिडकीला), बोट चाकावर, न बघता सगळं बदलता येतं. फोनची स्क्रीन पावसाने ओली झाली की बोट कुठलं आणि थेंब कुठला हे तिला कळत नाही. आणि सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा, आकार तर कुठलंही सॉफ्टवेअर वाढवू शकत नाही. साध्या डीएसएलआरचा सेन्सर चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा असतो. उजेड गोळा करायला परात आणि वाटी, एवढा फरक आहे.

लोकलवाली
चर्नीरोडकर, हंडी वर्षातून एकदा येते. तुम्ही शीर्षकात "रोजच्या" लिहिलंय. माझा रोज म्हणजे डोंबिवली ते सीएसएमटी, लेडीज डबा, एका हाताने कडी धरलेली. लेन्ससकट पाऊण किलोचं धूड मी काढू कुठून आणि धरू कुठल्या हाताने?

गेल्या महिन्यात समोरच्या मावशी गवार मोडत होत्या. मांडीवर ओढणी पसरलेली, शेंगा एका बाजूला, देठं दुसऱ्या, आणि खिडकीतलं ऊन फक्त त्यांच्या बोटांवर. विचारून फोटो काढला, त्या हसल्या आणि परत गवारीकडे वळल्या. तिथे कॅमेरा काढला असता तर अख्खा डबा सावरून बसला असता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे तो, आणि फोनचा आहे.

स्क्रीन ओली झाली तर आवाजाचं बटण दाबा, शटर त्यानेच चालतं. आणि बरेच फोन बटण दाबायच्या आधीपासूनच फ्रेम साठवत असतात, त्यामुळे क्षण निसटत नाही. तुमच्या आठ वर्षं जुन्या कॅमेऱ्यात हे आहे का?

भांडुपचा_बगळा
ताई, गवारीचा फोटो नक्कीच छान असेल. पण ठाणे खाडीवर फोन घेऊन या एकदा. खाडीचा हा भाग २०१५ च्या आधी अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेला. हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरले की काठावर शंभर माणसं फोन वर करून उभी असतात. घरी जाऊन फोटो मोठा केला की पिसांच्या जागी जलरंगाचे फटकारे. २०२३ मध्ये सॅमसंगच्या चंद्रावरून जगभर वाद झाला तो आठवा: एकाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकावर लावून फोनने टिपला, तर फोनने त्यात नसलेले खड्डे भरले. पक्ष्याच्या डोळ्यात मला फोनच्या मनातलं पीस नकोय.

लोकलवाली
पक्ष्यांसाठी फोन चालत नाही हे मान्य. अभयारण्य मात्र २०१५ मध्येच झालं, "च्या आधी" नाही.

भांडुपचा_बगळा
२०१५ च बरोबर. घाईत चुकलं.

पाचवा_मजला
माझं थोडं वेगळं. डीएसएलआर होता, जपून वापरायचो. २०१९ च्या पावसाळ्यात जूनपासून कपाटात राहिला, गणपतीला काढला तर लेन्सच्या आत बुरशी. मोबाइलचा टॉर्च मागून धरला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, मधोमध. फोर्टातल्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं की काच खाल्ली गेलीय, पुसून निघणार नाही. मुंबईत डीएसएलआर नको याचं माझ्या लेखी हेच एक कारण पुरेसं आहे. फोनला बुरशी लागलेली कुणी बघितलीय?

चर्नीरोडकर
तो कॅमेऱ्याचा दोष नाही, ठेवण्याचा आहे. हवाबंद डबा आणि तळाशी तांदूळ. माझे वडील तेच करायचे.

भांडुपचा_बगळा
तांदूळ अजिबात नको! तो ओल फारशी ओढत नाही, वर त्याची पिठूळ भुकटी माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसते त्या जागेत, जाते. सिलिका जेल घ्या, निळी असते, ओल प्यायली की गुलाबी होते. मग कढईत मंद आचेवर परत निळी करायची, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही. डब्यात वीस रुपयांचा आर्द्रतामापक टाका, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये हवा.

चर्नीरोडकर
वीस रुपयांत कुठे मिळतो? आणि तांदळात तीस वर्षं राहिलेली लेन्स माझ्याकडे आहे, स्वच्छ.

भांडुपचा_बगळा
दोनशे म्हणायचं होतं. तुमच्या लेन्सचं नशीब चांगलं, पण म्हणून दुसऱ्यांना तो सल्ला देऊ नका. कुणाची तरी वाट लागेल. सरळ ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घ्या.

पाचवा_मजला
ड्राय कॅबिनेट! दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतो आम्ही, भिंतीला पावसाळाभर ओल. कॅबिनेट कुणाच्या उशाशी ठेवू? ज्यांच्याकडे जागा आहे आणि रात्रभर एसी चालतो त्यांनी "ठेवण्याचा दोष" म्हणू नये. दीड वर्ष पैसे साठवून घेतला होता तो कॅमेरा.

भांडुपचा_बगळा
माझ्याकडेही एसी नाही. एवढं चिडण्यासारखं काय बोललो?

लोकलवाली
चिडण्यासारखंच बोललात दोघेही. त्यांचा कॅमेरा गेलाय आणि तुम्ही तांदूळ का जेल यावर भांडताय.

चर्नीरोडकर
पाचवा मजला, "ठेवण्याचा दोष" हे शब्द मागे घेतो. पोटमाळ्यावर ठेवलेला माझा फ्लॅश असाच गेला, तेव्हा मलाही कुणी असं म्हटलेलं आवडलं नसतं.

स्टुडिओवाला_लालबाग
पुन्हा मूळ विषयावर येतो. सव्वीस वर्षं स्टुडिओ चालवतोय. आठवड्याला दोन तरी माणसं तसबिरीसाठी येतात. घरात कुणीतरी गेलेलं असतं, दहाव्याच्या आत फ्रेम हवी असते. फोन पुढे करतात, आणि त्यात असतो व्हॉट्सॲपवरून तीन वेळा फिरलेला फोटो, लग्नातल्या घोळक्यातला, खांद्यावर दुसऱ्याचा हात. बारा बाय अठराला ताणला की चेहऱ्याचं मेण होतं. परवा एक मुलगा म्हणाला, "काका, आईच्या गालावर तीळ होता, तो दिसत नाहीये." फोनने त्वचा गुळगुळीत करताना तीळही पुसला होता, आणि रंगही दोन छटा उजळ. ती बाई सावळी होती. मी तिला ओळखायचो, समोरच्या चाळीतली. अडीच तास बसून रंग खाली आणला. तीळ मुलाने बोट ठेवून दाखवला, तिथे हाताने काढला.

लोकलवाली
काका, वाचून गलबलून आलं. पण यात दोष व्हॉट्सॲपचा आणि ब्यूटी मोडचा आहे, फोनच्या कॅमेऱ्याचा नाही. ब्यूटी मोड बंद करता येतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो.

स्टुडिओवाला_लालबाग
बरोबर आहे तुमचं. चांगल्या फोनची मूळ फाइल मिळाली तर बारा बाय अठरा व्यवस्थित निघतो, हे मी गिऱ्हाइकांना स्वतः सांगतो. पण तो मोड बंद कोण करतं? आपण चेहऱ्याच्या जवळ जाऊन मुख्य कॅमेऱ्याने काढतो, तो २४-२६ एमएमएवढा रुंद, त्यामुळे नाक मोठं आणि कान मागे. फोनवाल्यांनी एवढं तरी करा: दोन पावलं मागे जा, दुप्पट झूम लावा, खिडकीकडे तोंड करून बसवा. आणि मंडपातल्या एलईडी माळांचे पट्टे व्हिडिओत यायला लागले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

पाचवा_मजला
काका, हे उपयोगी आहे. चर्नीरोडकर, तुमच्या सोसायटीतला माणूस विकण्याबद्दल मात्र फार चुकला नाही. कॅनन आणि निकॉन दोघांचेही शेवटचे नवे डीएसएलआर २०२० सालचे. आता सगळा भर मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर.

चर्नीरोडकर
नवा घ्या असं मी कुणालाच म्हणत नाही. आहे तो विकू नका, एवढंच माझं म्हणणं. आणि लोकलवाली, डब्यात फोनच बरा, हे मान्य करतो. हंडीला मात्र मी कॅमेराच नेणार.

लोकलवाली
न्या. फोटो टाका इथे, मी मोठा करून बघणार आहे.

एक विचारायचं राहिलं. वडिलांचा जुना फिल्मचा एसएलआर आमच्याकडे आहे. ते गेल्यापासून चामड्याच्या कव्हरात, कपाटात वरच्या फळीवर. हे सगळं वाचून आत्ता काढला. टॉर्च मारला तर लेन्सच्या कडेला एक धागा दिसतोय, मधे काही नाही. काय करू?

भांडुपचा_बगळा
आधी त्या चामड्याच्या कव्हरातून बाहेर काढा आणि कव्हर दूर ठेवा. चामडं ओल धरतं, बुरशी तिथूनच येते. बाकीच्या लेन्सजवळ ठेवू नका. स्वतः उघडू नका. कडेलाच असेल तर साफ होते, फोटोवरही फारसा फरक पडत नाही.

पाचवा_मजला
उद्या ऊन असेल तर खिडकीशी ठेवा, थेट उन्हात नको. माझी लेन्स गेली, तुमची वाचू दे.

स्टुडिओवाला_लालबाग
लालबागला येणं झालं तर घेऊन या. रोल शिल्लक आहे का आत, ते आधी बघू. मागचं झाकण उघडू नका.