मदत हवी आहे: हेलिकॉप्टर व्होर्टेक्स रिंगमध्ये अडकलं, तर बाहेर पडायची सवय कोणती लावावी?

रत्नागिरी-देवगडकडच्या सड्यांवरील हेलिपॅडच्या संदर्भात विचारतोय. समुद्राकडून अप्रोच घेतला की दुपारचा खारा वारा शेपटीमागून येतो. 15 नॉट वारा असेल, तर जमिनीच्या मानाने वेग 25 नॉट दिसतो, पण हवेतला वेग उरतो जेमतेम 10. त्यात खाली येण्याचा वेग मिनिटाला 300 फुटांच्या वर गेला आणि पॉवर लावलेली असली, की रोटर (वरची फिरती पाती) स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत बसतो. हीच व्होर्टेक्स रिंग. मग कलेक्टिव्ह (यंत्र वर उचलणारा दांडा) ओढावा तसं यंत्र आणखी जोरात खाली जातं. खरं तर पूर्वेकडून, वाऱ्याला तोंड देऊन यावं. पण तिथे माड आणि विजेच्या तारा असतात.

सुटकेची जुनी रीत म्हणजे सायक्लिक (यंत्र हव्या त्या दिशेला झुकवणारा दांडा) पुढे, कलेक्टिव्ह खाली. यात उंची बरीच जाते. व्हुइशार या पायलटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत रॉबिन्सन या अमेरिकन हेलिकॉप्टरवर कलेक्टिव्ह चढाईच्या पॉवरला, नाक सरळ ठेवायला डावं पेडल, सायक्लिक उजवीकडे. वेळेत केलं तर 20 ते 50 फुटांत सुटका.

अडचण पुढे आहे. फ्रेंच बनावटीच्या एएस 350 हेलिकॉप्टरचा रोटर उलटा फिरतो, म्हणजे उजवं पेडल, सायक्लिक डावीकडे. रॉबिन्सनवर शिकून लायसन्स घेतलेल्याचे हातपाय ऐनवेळी चुकीच्या बाजूला जाणार नाहीत का? इन्स्ट्रक्टर मंडळींनो, टाइप रेटिंगच्या (नव्या जातीचं हेलिकॉप्टर उडवायच्या परवानगीच्या) वेळी हा बदल कसा घोटून घेता? सराव किती उंचीवर सुरू करता?