२ मीटर बँड: गच्चीवरच्या अँटेनासाठी केबल कोणती घेऊ?

नवा_हॅम_सातारा: नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी) परवाना नुकताच हाती आलाय. ५ वॅटचा हँडी (हातात धरायचा सेट), गच्चीवर लोखंडी पाइपाला बांधलेला उभा डायपोल अँटेना (४९ सेंमीचे दोन तुकडे), खाली २० मीटर आरजी-५८ केबल. सेटपाशी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती लाट माघारी येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.५, तरी रिपीटर (आपला संदेश पुन्हा पुढे पाठवणारं केंद्र) जेमतेम उघडतो. केबल बदलू का? बजेट १५०० च्या आत.

तात्या_मिरज: डोळे झाकून एलएमआर-४०० (जाड, कमी गळतीची केबल) घ्या. माझ्या केबलने कैक पावसाळे काढलेत. पैशाकडे बघू नका.

रेडिओवेडा: ट्यूनर (सेट आणि केबलची जुळणी करणारा डबा) लावा. माझा १.१ वर आला.

शॉर्टवेव्ह_काका: ट्यूनरने सेट खूश होतो, केबलमधली परतीची लाट तशीच राहते. बिघाड वर असेल तर इलाजही वरच.

विजेची_वाट: त्या १.५ वर विसंबू नका. १४५ मेगाहर्ट्झला एवढ्या आरजी-५८ मध्ये ४ डीबीच्या आसपास जातात, म्हणजे ५ पैकी २ वॅट वर पोचतात. वर एसडब्ल्यूआर ३ असला तर त्यातला पाव हिस्सा, अर्धा वॅट, माघारी फिरतो. उतरताना पुन्हा तीच गळती, खाली उरतात ०.२ वॅट. जाताना ५, येताना ०.२, म्हणून मीटर १.५ दाखवतो. केबल जितकी गळकी, तितका मीटर गोड बोलतो. मीटर डायपोलपाशी लावा. आणि त्या पाइपापासून डायपोल लांब न्या, लोखंड शेजारी असलं की इम्पिडन्स (ओहममध्ये मोजतात तो विद्युत अडथळा) बिघडतो.

तात्या_मिरज: मी तेच म्हणतोय, केबल बदला.

कोकणी_तरंग: कनेक्टरात पाणी गेलं असणार. आमच्याकडे दर पावसाळ्यात हेच.

रेडिओवेडा: केबल अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत कापली की एसडब्ल्यूआर जातो म्हणे.

शॉर्टवेव्ह_काका: नाही जात. तिथे वरचा इम्पिडन्स जसाच्या तसा खाली दिसतो, एवढंच. आणि कापायचीच तर आरजी-५८ मध्ये लाट ०.६६ पट वेगाने धावते, अर्धी तरंगलांबी १.०३ मीटर नव्हे, ६८ सेंमी धरा.

नवा_हॅम_सातारा: मीटर वर नेला, ३ च्या पुढे! डायपोल बांबूवर पाऊण मीटर बाहेर काढला, केबल काटकोनात मागे नेली, १.५ वर आला. केबल मात्र टीव्हीची आरजी-६ घेतोय. मोकळा डायपोल ७३ ओहम, ही ७५, वर जुळणी छान. सेट ५० ओहमचा, म्हणून सेटपाशी १.५, म्हणजे ४ टक्के परत. गळती आरजी-५८ च्या निम्म्याच्या आसपास. बजेटातही बसते.

तात्या_मिरज: ७५ ओहम? सेटचे फायनल ट्रान्झिस्टर उडतील!

शॉर्टवेव्ह_काका: ४ टक्क्यांनी नाही उडत हो तात्या.

नवा_हॅम_सातारा: आणली केबल. रविवारी चढवतो.

कोकणी_तरंग: एफ कनेक्टरावर टेप नीट गुंडाळा. पाणी जातंच.