नाताळच्या सुट्टीआधीचं व्हिएन्ना: जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात व्हिएन्नाला जायचं घाटतंय. नवरा कामासाठी जाणारच आहे, मग मी, सासूबाई आणि आठ वर्षांची लेक असं लटांबर मागे. जो तो म्हणतोय उन्हाळ्यात जा, थंडीत काय बघणार डोंबल. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. जे त्या दिवसांत तिथे फिरलेत किंवा राहतात त्यांनी लिहा, गुगलवर मिळते ती यादी नको.

---

थंडीचं काही नाही हो, शून्य ते पाच डिग्री असतं, थर्मल घातलं की निभतं. तयारी करायची ती अंधाराची. चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्याआधीही तो दिसेलच याची खात्री नाही, कारण शहरावर राखाडी ढग बसतात ते दिवसेंदिवस हलत नाहीत. आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, कंटाळलात तर कालेनबर्गला जा. मेट्रोची यू-फोर लाइन हाइलिगेनश्टाटपर्यंत, तिथून ३८ए बस. बस वळणावळणाने चढत होती, बाहेर द्राक्षाचे मळे म्हणजे नुसत्या काळ्या काड्या, त्याही धुक्यात अर्ध्याच दिसणाऱ्या, बायको म्हणे कशाला आणलंत इथे, आणि वर पोचता पोचता खाडकन ऊन! टेकडी अवघी ४८४ मीटर, पण ढग तिच्या खाली राहिले होते. शहर गायब आणि वर म्हातारेकोतारे कोटाची बटणं उघडून, डोळे मिटून, तोंडं उन्हाकडे करून बाकांवर ओळीने बसलेले. रोज असं होत नाही. आधी वेबकॅम बघा, वर ऊन असेल तरच निघा.

---

मी इथेच राहते, म्हणून नाताळच्या बाजारांबद्दल लिहिते. राटहाउस म्हणजे महापालिकेसमोरचा बाजार सगळ्यात मोठा, लाइटिंग बघायला लेकीला एकदा न्याच, पण सोमवार ते गुरुवारात. शनिवारी संध्याकाळी तिथे आपण चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. ऑफिस सुटल्यावर आम्ही जातो श्पिटलबर्गला, जुन्या घरांच्या अरुंद गल्ल्या आणि त्यात दोन्ही बाजूंना स्टॉल, किंवा कार्ल्सकिर्खे चर्चच्या समोर. तिथे हाताने केलेल्या वस्तू असतात आणि खाणं ऑरगॅनिक. मुलांसाठी मधल्या हौदात पेंढा पसरलेला असतो, एरवी त्यात पाणी असतं. माझा मुलगा त्या पेंढ्यात तासभर लोळतो आणि मग आठवडाभर मी त्याच्या मोज्यांतून काड्या काढते.

ग्लूवाइन (मसाले घातलेली गरम वाइन) किंवा पुन्श (तसंच एक गरम पेय) चिनीमातीच्या मगमध्ये देतात, मगचं डिपॉझिट वेगळं घेतात. मग परत दिला की पैसे परत, आवडला तर घेऊन जा. लेकीसाठी किंडरपुन्श मागा, त्यात दारू नसते.

---

मला तरी ते बाजार ओव्हररेटेड वाटले, सॉरी. तिसऱ्या बाजारात तीच दालचिनीची मेणबत्ती. त्यापेक्षा कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं त्यामुळे अंधाराचा प्रश्नच मिटतो. ब्रॉइगेल या जुन्या चित्रकाराची चित्रं जगात सगळ्यात जास्त तिथे आहेत. १५६५ चं ते बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र जवळ जाऊन बघा. शिकारी डोंगरावरून परत येतायत, एवढी मोठी टोळी आणि पाठीवर शिकार म्हणाल तर एक कोल्हा, कुत्रीसुद्धा मान खाली घालून चाललीयत, आणि खाली गोठलेल्या तळ्यांवर गावातली पोरं खुशाल खेळतायत. ज्याने थंडी काढलीय त्यानेच काढलेलं चित्र आहे ते. बाहेर येऊन बर्फ शोधलंत तर मात्र मिळेलच असं नाही, शहरात डिसेंबरात बरेचदा नुसता ओला गारठा असतो.

---

सासूबाईंच्या खाण्याचं बघा. रस्त्यात मरोनीच्या टपऱ्या असतात, मरोनी म्हणजे भाजलेले चेस्टनट. पत्र्याच्या भट्टीवरून कागदाच्या पुडीत गरमागरम देतात, साल आधीच चिरलेली असते, खिशात ठेवले की हातही शेकतात. माझ्या आईने सगळ्या ट्रिपमध्ये मन लावून खाल्लं ते हेच. कार्टोफेलपुफर मिळतो, तो आपल्या बटाट्याच्या थालीपिठाचा लसूणवाला भाऊ, पण त्यात बरेचदा अंडं असतं. "ओने आय?" असं विचारायचं, म्हणजे अंड्याशिवाय आहे का. लांगोश म्हणजे तळलेली मोठी पुरी, वर लसणाचं पाणी, तिथेही विचारून घ्या. काइझरश्मार्न म्हणजे तुकडे केलेला गोड पॅनकेक, सगळे खा खा म्हणतील, त्यात अंडीच अंडी. नाश्मार्क्ट नावाच्या खाण्यापिण्याच्या बाजारात फलाफल-हमस मिळतं. बाकी मेतकूट-भाताला पर्याय नाही, किचनवालं घर घ्या.

---

वर कोणी ऑपेराचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. श्टाट्सओपर म्हणजे तिथल्या सरकारी ऑपेरा हाउसमध्ये उभ्याची तिकिटं असतात, बसायच्या तिकिटांच्या मानाने अगदीच स्वस्त. मी गेलो तेव्हा आत गेलं की आपली जागा पकडून कठड्याला मफलर बांधायचा, मग खुशाल फिरून यायचं, कोणी हात लावत नसे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही! समोर छोटा स्क्रीन असतो, त्यावर इंग्लिशमध्ये भाषांतर. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, दुसऱ्या अंकात पाय बोलायला लागले, तरी शेवटपर्यंत थांबलो. ही इमारत १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाली होती, पुन्हा बांधून १९५५ च्या नोव्हेंबरात उघडली. शेजारच्या आजोबांनी मध्यंतरात हे अशा अभिमानाने सांगितलं जणू विटा त्यांनीच वाहिल्या.

---

ताई, लेक आठ वर्षांची आहे तर ५ तारखेची रात्र तिथे असेल असं बघा. मुलं दाराशी बूट ठेवतात, ६ ला सकाळी त्यात संत निकोलाउसने ठेवलेली संत्री, अक्रोड, चॉकलेटं. आमच्या शेजारणीने आमच्याही मुलीचे बूट मागून घेतले होते. त्याच्या बरोबर क्राम्पुस नावाचा राक्षस असतो, शिंगं-बिंगं, साखळ्या, तो ५ ला संध्याकाळी निघतो. आल्प्सकडच्या गावांत त्याचं प्रस्थ जास्त, व्हिएन्नात कमी, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. आणि "सांता कधी येणार" असं तिथल्या मुलांना विचारू नका म्हणावं, त्यांच्याकडे २४ ला भेटी आणतो तो क्रिस्टकिंड म्हणजे बाळ येशू.

---

कॅफेत बसायला वेळ ठेवा. नामांकित ठिकाणी बाहेर रांगा असतात, त्यात सासूबाईंना उभं करू नका. १८८० पासूनचं श्पेर्ल मला आवडलं, वेळ पाहून गेलात तर जागा मिळते. एक मेलांज मागवायची, कॉफीबरोबर ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास येतो, आणि मग दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. वेटर हसत नाहीत, ते सगळ्यांशीच तसे वागतात.

---

रविवारी पोचत असाल तर सामान आधीच बघा, सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या स्टेशनांमधली तेवढी उघडी. ८ डिसेंबरलाही सरकारी सुट्टी असते, पण त्या दिवशी बरीच दुकानं काही तास उघडी असतात. आणि नवऱ्याचं काम लांबून मुक्काम पुढे ढकलला जाणार असेल तर २४ च्या दुपारआधी निघायचं बघा किंवा घरात डाळ-तांदूळ भरून ठेवा, त्यानंतर दुकानं जी बंद होतात ती थेट २७ ला उघडतात.