कार्ल फ्रिस्टन यांची सायटेशन्स: पावती कशाची, विचारांची की सॉफ्टवेअरची?

कवडसा
भाचीला न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायची आहे. गाईड निवडायला तिनं वहीत सगळ्यांचे एच-इंडेक्स उतरवून काढले. त्यावरून आमचं वाजलं, म्हणून हा धागा.

एच-इंडेक्स ५० म्हणजे किमान ५० पेपर असे, की प्रत्येकाचा उल्लेख (सायटेशन) इतर पेपरांत किमान ५० वेळा झालाय. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली ही मोजणी सुचवली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मेंदूशास्त्रज्ञ कार्ल फ्रिस्टन यांचा आकडा २०० च्या वर आहे.

माझ्या मते यातला मोठा वाटा एसपीएम या त्यांच्या सॉफ्टवेअरचा. एफएमआरआय, म्हणजे चालू मेंदूचं स्कॅन, विचारांचे फोटो काढत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनमुळे पडणारा बारीकसा फरक ते हजारो बिंदूंवर नोंदवतं, आणि त्यात खरं काय, गोंगाट काय, हे संख्याशास्त्रानं ठरवावं लागतं. अशा हिशेबासाठी फ्रिस्टन यांनी १९९१ च्या सुमारास लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये असताना एसपीएम तयार केलं, आधी पीईटी या दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनसाठी, आणि फुकट वाटलं. हे त्यांचे उपकारच आहेत. पण जो ते वापरतो त्याला पद्धतीच्या परिच्छेदात उल्लेख करावाच लागतो. म्हणजे वापरल्याची नोंद आणि पटल्याची नोंद एकाच खात्यात जमा होते. मग त्याच वजनावर त्यांचा मुक्त ऊर्जेचा सिद्धांतही (मेंदू सतत अंदाज बांधतो आणि त्यातली चूक कमी करत राहतो, हा) भारदस्त ठरतो. हे मला मान्य नाही.

रानजाई
असहमत. एसपीएमला तुम्ही अवजारांच्या पेटीत टाकताय. प्रत्येक बिंदूवर एकच रेषीय प्रारूप बसवायचं आणि शेजारचे बिंदू एकमेकांत गुंतलेले असतात याचा हिशेब रँडम फील्ड थिअरीनं करायचा, हा विचार आहे. कोड नंतर आला. त्यातूनच प्रयोगशाळांना एकमेकींचे निष्कर्ष ताडून बघता येऊ लागले.

२००० सालचा अ‍ॅशबर्नर आणि फ्रिस्टन यांचा मेंदूतल्या करड्या भागाच्या मोजणीवरचा पेपर घ्या. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या, रस्ते-जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा) मागचा भाग मोठा असतो, हे एलेनॉर मॅग्वायर यांनी त्याच वर्षी दाखवलं, ते याच पद्धतीच्या आधारानं. आणि मुक्त ऊर्जेवरच्या २०१० च्या लेखाचेही हजारो उल्लेख आहेत. तो कुणालाही पद्धतीच्या परिच्छेदात सक्तीनं टाकावा लागत नाही.

उंबरठा
हजारो उल्लेख आहेत, पण त्यातले किती जण सिद्धांत तपासतात आणि किती जण प्रस्तावनेत नुसता नमस्कार करून पुढे जातात? आकडा हे सांगत नाही.

शिवाय २०१६ आठवा. एक्लुंड, निकोल्स आणि नटसन यांनी निरोगी माणसांच्या विश्रांतीतल्या स्कॅनवर एसपीएम, एफएसएल आणि एएफएनआय ही तिन्ही सॉफ्टवेअर तपासली. खोटे निष्कर्ष ५ टक्क्यांवर थांबायला हवे होते, ते काही मांडणींत ७० टक्क्यांपर्यंत गेले. त्याआधी गोळा झालेल्या उल्लेखांतून एकही वजा झाला नाही.

रानजाई
तो पेपर पूर्ण सांगा ना. बिंदू खरा मानायचा की गोंगाट, हे ठरवणारा आकडा म्हणजे उंबरठा. गडबड मुख्यतः सैल उंबरठ्यावर, ०.०१ वर, होती. ०.००१ ठेवला की चूक बरीच खाली येते. एसपीएमवाल्यांनी हे सविस्तर मांडलंय. ४०,००० अभ्यास संशयात आहेत, हे त्यातलं वाक्य तर लेखकांनी स्वतःच दुरुस्त केलं. वापरणाऱ्यानं सैल उंबरठा निवडला तर त्याचं खापर पद्धत घडवणाऱ्यावर का?

कवडसा
रानजाई, तुमचा सैल उंबरठ्याचा मुद्दा मान्य. पहिला विचार, मग कोड, हेही मान्य. मी ते कमी लेखलं होतं.

पण सेइजी ओगावा यांच्याकडे बघा. ऑक्सिजनचा फरक एमआरआयमध्ये दिसतो, हे त्यांनी १९९० मध्ये बेल लॅब्जमध्ये उंदरांच्या मेंदूवर दाखवलं. एफएमआरआयचं अख्खं क्षेत्र त्यावर उभं आहे. आज मात्र कितीतरी पेपरांत या फरकाला 'बोल्ड सिग्नल' एवढंच लिहितात, ओगावांचा उल्लेख नसतो. शोध इतका मुरला की नाव लिहायची गरजच उरली नाही. सॉफ्टवेअरला मात्र दरवेळी आवृत्तीसकट उल्लेख मिळतो. मग भाचीच्या वहीत या दोघांना एकाच रकान्यात कसं बसवायचं?

उंबरठा
बसवूच नये. तिला म्हणावं, प्रत्येक गाईडचे सर्वाधिक उल्लेखांचे तीन पेपर काढ आणि ज्यांनी उल्लेख केलाय त्यांचे दहा-दहा परिच्छेद वाच. आठवडा जाईल, पण पीएचडीची पाच वर्षं त्या माणसाबरोबर काढायची आहेत.

रानजाई
हे पटलं. फक्त पद्धतीचा परिच्छेद म्हणून दिसला की ओलांडू नका. गाईड विचार कसा करतो, ते कधीकधी तिथेच सापडतं.