सेट झाली, बी.एड. नाही: तासिका तत्त्वावर कॉलेज की माध्यमिक शाळा?

भूपट
एम.ए. भूगोल (58 टक्के), सेट (राज्याची सहायक प्राध्यापक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण, वय 25, बी.एड. नाही. अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, नेमणूक मिळते आहे. दुसरा रस्ता बी.एड. करून माध्यमिक शाळेचा. पैसा, वेळ आणि कायम होण्याची शक्यता, तिन्हींचा हिशेब कोणी मांडेल का? ‘कॉलेजात मान असतो’ एवढंच उत्तर कृपया नको.

घड्याळी_तास
आधी तासिकेचे पैसे बघा, फसगत तिथेच होते. मार्च 2023 च्या शासन निर्णयानुसार पदवी स्तरावर थिअरीला तासाला 900 रुपये, प्रात्यक्षिकाला 350. हा तास घड्याळी, म्हणजे 60 मिनिटांचा. वेळापत्रकातली तासिका मात्र बऱ्याच ठिकाणी 48 मिनिटांची असते. पाच तासिका घेतल्या की चार तासांचं बिल होतं.

एकाला आठवड्याला साधारण 9 तासांपर्यंत भार मिळतो. सगळा थिअरीचा धरला तरी आठवड्याचे 8,100, चार आठवड्यांचे 32,400. हा कमाल आकडा आहे, पगार नव्हे. भूगोलाला प्रात्यक्षिकं भरपूर, त्यामुळे तो लगेच खाली येतो. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, उन्हाळा यांत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. शिवाय बिलं सहसंचालक कार्यालयातून पास होऊन येतात आणि कित्येकदा काही महिन्यांची एकदम निघतात. घरभाडं यावर अवलंबून ठेवू नका.

आता अनुभवाचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकासाठी छाननीचा तक्ता आहे. त्यात अध्यापनाच्या एका वर्षाला 2 गुण, कमाल 10. सेटला 5, नेटला (देशपातळीवरची तशीच परीक्षा) 8, जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला 10, पीएच.डी.ला 25. पाच वर्षं तासिका घेऊन जे 10 गुण मिळतात, त्याच्या अडीच पट एका पीएच.डी.ला आहेत. तरुण मंडळी नेमकं उलट करतात, वर्षामागून वर्ष तासिका घेतात आणि संशोधनाची नोंदणी लांबवतात. एवढं करूनही हा तक्ता मुलाखतीला बोलावण्यापुरता. त्या नियमावलीनुसार निवड मुलाखतीतून होते.

आणि नेमणूक घेतलीच तर निवड समितीचं इतिवृत्त, नियुक्ती आदेश, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र हे तिन्ही कागद दरवर्षी हातात घ्या. मान्यतेचं पत्र नसेल तर तो अनुभव पुढे कुणी मोजत नाही.

खडूफळा
शाळेचा रस्ता लांब आहे, पण पुढचा टप्पा कोणता हे तरी कळतं. प्रवेशाची सीईटी, दोन वर्षं बी.एड., मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) आणि पवित्र पोर्टल (शासनाचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ). सहावी ते आठवीला टीईटीचा दुसरा पेपर लागतो: 150 गुण, खुल्या प्रवर्गाला 90 हवेत. नववी-दहावीला टीईटी लागत नाही, तरी देऊन ठेवा, माध्यमिक शाळांत पाचवी ते आठवीचे वर्गही असतात आणि जागा तिथेही निघतात.

टेट 200 गुणांची, 120 मिनिटांची, विषयज्ञान त्यात जवळजवळ नाही. खरी अडचण वेळापत्रकाची. ही परीक्षा 2017, 2023 आणि 2025 अशी झाली आहे. एक हुकली की किती थांबावं लागेल सांगता येत नाही.

निवड झाल्यावर तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे ठरावीक मानधनावर. माध्यमिकला मानधन 18,000, म्हणजे भरलेल्या तासिकांपेक्षाही कमी. मात्र ते बाराही महिने मिळतं. त्यानंतर एस-14 वेतनश्रेणी, मूळ वेतन 38,600, वर महागाई भत्ता आणि घरभाडे.

दोन गोष्टी अर्ज करण्याआधी तपासा. पहिली, पद किती टक्के अनुदानावर आहे. 20 किंवा 40 टक्क्यांच्या पदावर शासनाकडून तेवढाच हिस्सा येतो. दुसरी, शाळेचा पट (विद्यार्थिसंख्या). संचमान्यतेत (पटावरून शिक्षकपदं मंजूर करताना) विद्यार्थी कमी भरले की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात लांबच्या शाळेत जातो. भूगोलाच्या शिक्षकाला तर हा धोका जास्त, कारण दहावीचा पेपर 40 गुणांचा आणि तासिका थोड्या. इतिहास-राज्यशास्त्रही शिकवावं लागेल असं धरूनच चला, आणि बी.एड.ला दुसरी अध्यापन पद्धती (शिकवायला शिकण्याचा विषय) इतिहासाची घ्या.

भूपट
आभार. बी.एड. करता करता तासिका चालतील का? आणि पदवीचा विषयही बघतात का?

खडूफळा
नियमित बी.एड.ला 80 टक्के हजेरी आणि इंटर्नशिपला 90 टक्के, तीही एकूण 20 आठवड्यांची. कागदावर दोन्हीकडे हजर दाखवणारे आहेत. पण कागदपत्रांच्या पडताळणीत एकाच तारखेच्या दोन सह्या निघाल्या तर दोन्ही बाजू जातात. करू नका.

पदवीचा विषय बघतात. पवित्रवर पदवी, अध्यापन पद्धती आणि माध्यम जाहिरातीशी जुळावं लागतं. बी.ए.ला भूगोल नसून फक्त एम.ए.ला असेल तर माध्यमिकसाठी अडेल.

मधली_वाट
तुम्ही दोघांनीही कनिष्ठ महाविद्यालय सोडलंत. एम.ए. आणि बी.एड. झालं की अकरावी-बारावीच्या पदालाही अर्ज करता येतो, भरती पवित्रवरूनच, आणि शिक्षण सेवकाचं मानधन 20,000. एकाच बी.एड.वर दोन दारं उघडतात. निवृत्ती शाळेप्रमाणेच 58 ला, वरिष्ठ महाविद्यालयात 60 ला.

वरिष्ठचं कायम पद मिळालं तर त्याला तोड नाही, हे मीही मानतो: सुरुवातीचं मूळ वेतन 57,700, आठवड्याला 16 तास थेट अध्यापन, संशोधनाला मोकळीक. पण ते पद आणि आज हातात आलेली तासिका या वेगळ्या गोष्टी आहेत. 25 व्या वर्षी मी म्हणेन, यंदाच्या बी.एड. सीईटीचा अर्ज भरा, प्रवेश होईपर्यंत तासिका घ्या, आणि जून-डिसेंबरच्या नेटला बसत राहा. सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरतीच चालते, नेट देशभर, आणि तक्त्यात 3 गुण जास्त. शिक्षण सेवक झाल्यावर पीएच.डी. करायची असेल तर संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या, नोंदणी नंतर.