दुबईची ब्रिटिश शाळा अन् आमची झेडपी

कपाशीवाला, आर्वी
आपल्याच तालुक्यातल्या दुबईकर दादांची पोस्ट वाचली: 'पोरीला ब्रिटिश शाळेत टाकलं. पाठांतर नाही, ओझं नाही. आपण झेडपीत वर्षं वाया घालवली.' दादा, वाया गेलेल्या त्याच वर्षांवर तुम्ही इंजिनिअर होऊन तिकडं पोचलात ना?

ती शाळा मुळात कोणासाठी, ते तरी सांगा. इंग्लंडच्या साहेबाची बदली आज दुबई, उद्या सिंगापूर. पोराला इयर फोरमधून उठवलं की दुसऱ्या देशात इयर फाइव्हमध्ये बसवता यावं, म्हणून सगळीकडं तोच अभ्यासक्रम. आपल्याकडं केंद्रीय विद्यालयं 1963 पासून बदलीवाल्यांसाठी हेच करतात, फक्त दिरहम मागत नाहीत.

अन् पोरीला डॉक्टर करून नागपुरात आणायचं म्हणता? मेडिकलच्या जागांतल्या राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच लागते. शिवाय ए-लेव्हलचा, म्हणजे ब्रिटिश शाळेतल्या बारावीचा, निकाल लागतो ऑगस्टात. इथल्या बऱ्याच कॉलेजांचे प्रवेश तोवर सुरू झालेले असतात.

दुबईकर
जळजळ समजली. इथं केएचडीए ही दुबई सरकारची संस्था खासगी शाळांची तपासणी करते, शेरा इंटरनेटवर सगळ्यांना दिसतो, फीसुद्धा मनाला येईल तशी वाढवता येत नाही. तुमच्या चौकातल्या 'इंटरनॅशनल' पाटीला कोण तपासतं?

वऱ्हाडी आई, दर्यापूर
पाटीचं बोलले ते बरं केलं. आमच्या इथं कॉन्व्हेंटमध्ये टाय, मोजे, काळे बूट. उन्हापायी विदर्भातल्या शाळा बाकी राज्याच्या मागून, जून संपता संपता उघडतात. मग एप्रिलातल्या उन्हात गयात टाय काऊन? पोट्टं घरी आलं की मानेवर इलॅस्टिकचा लाल वळ, त्याच्याखाली घामोळ्या. मॅडमले म्हटलं तर म्हणते, 'डिसिप्लिन आहे.' टायही शाळेतूनच घ्या, बाजारातला चालत नाही.

संत्रा बागायतदार, वरुड
ताई, टायचं सोडा, व्हॅनचं पाहा. बारा पोरं कोंबतात, दोन ड्रायव्हरच्या बाजूला.

वऱ्हाडी आई
टायचं काऊन सोडू? पैसे मी भरले. कापूस विकला तवा भरले.

झेडपी मास्तर
भरता ना हौसेनं? मग रडू नका. तुमीच पोट्टे टाय लावून व्हॅनमध्ये बसवता, अन् आमचा पट विसाच्या खाली गेला की शाळा समूहात घालायच्या, म्हणजे जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या, गोष्टी निघतात. आम्ही मतदार याद्या करायच्या, सर्व्हे करायचे, ऑनलाइन माहिती भरायची, उरल्या वेळात शिकवायचं. दुबईतल्या ब्रिटिश मास्तरले पाठवा इकडं, मतदार यादीवाला बीएलओ करून पाहू.

संत्रा बागायतदार
मास्तर, तुमची पोरं कुठं शिकतात?

झेडपी मास्तर
अमरावतीले, कॉन्व्हेंटमध्ये. बायको ठरवते. पुढं बोला.

संत्रा बागायतदार
पुढं काय बोलू बाप्पा, तुमीच सगळं बोलून टाकलं.

झेडपी मास्तर
हसा. माझ्या वर्गातली चौथीची पोरगी हिशेब कागदाशिवाय करते. ते पाहायले या, मग हसा.

कपाशीवाला
विषय दुबईच्या शाळेचा होता राजेहो! दादा, तपासणीचा शेरा उघड्यावर दिसतो हे मात्र मानलं. आमच्याकडं शेरा पाहायचा म्हणजे कपाटाची किल्ली ज्याच्याकडं, तो रजेवर. पण दुबईत सीबीएसईच्याही शाळा आहेत की. तिथं टाकली असती तर परतायले सोपं गेलं असतं.

दुबईकर
घराजवळच्या शाळेत जागा नव्हती, म्हणून ब्रिटिश. झालं समाधान? पोरगी तिथं प्रश्न विचारायला शिकली. माझ्या मास्तरांनी प्रश्न विचारला म्हणून मला बाकावर उभं केलं होतं. कोट्याचं विचारून घेईन, पण झेडपीबद्दलचा शब्द मागं घेणार नाही.

झेडपी मास्तर
नका घेऊ. सुट्टीत आले की वर्गात या, प्रश्न विचारा. बाकावर उभं करणार नाही, बाकच नाहीत.

वऱ्हाडी आई
शनिवारी पालक सभा हाये. टायचा अर्ज मी लिहिला, सह्या फक्त तीनच झाल्या. दर्यापूरचं कोणी हाये काय इथं?