डॉस ६.२२: सी ड्राइव्ह रिकामा, पेवांचा हिशेब आत अडकलाय

हरिपूरकर:
४८६ प्रोसेसरचं जुनं मशीन, डॉस ही विंडोजच्या आधीची सिस्टिम, डिस्क २१२ एमबी. वडिलांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत होती. हरिपूरच्या कुठल्या पेवात (जमिनीखालच्या कोठारात) कुणाची किती हळद, हे ते डीबेस या नोंदी ठेवायच्या प्रोग्राममध्ये लिहून ठेवायचे. वह्या २०१९ च्या पुरात गेल्या, म्हणजे उरलंय ते एवढंच. जागा पुरेना म्हणून त्यांनी ड्राइव्हस्पेस (डिस्कवरचा मजकूर दाबून जागा वाढवणारी डॉसची सोय) लावलं होतं. परवा भाच्याने ‘अनोळखी’ फायली पुसल्या. आता मशीन सुरू झालं की तारीख नि वेळ विचारतं आणि सी वर फक्त कमांड.कॉम दिसते. लपलेल्या फायली बघितल्या तर डीआरव्हीस्पेस.००० नावाची एक, जवळजवळ २०० एमबीची. तिला मी कुणाला हात लावू दिलेला नाही. कृपा करून फॉरमॅट सुचवू नका.

जुनी_फ्लॉपी:
फार बरं केलंत. ती फाईल म्हणजेच तुमचा अख्खा सी ड्राइव्ह. डीआरव्हीस्पेस.बिन ही कॉन्फिग.सिस या सेटिंगच्या फाईलच्याही आधी चढते आणि त्या फाईलला सी म्हणून पुढे करते. पुसली गेली ती बहुधा हीच. तारीख विचारतोय, कारण सुरू होताना चालणारी ऑटोएक्झेक.बॅट त्या मोठ्या फाईलच्या आत राहिली.
घाई करू नका. आधी दुसरी डिस्क स्लेव्ह (दुय्यम) म्हणून जोडा, अ‍ॅट्रिब कमांडने फाईलचे सिस्टिम, हिडन, रीड-ओन्ली हे गुण काढा, कॉपी घ्या आणि मूळ फाईलचे परत लावा. मग ६.२२ चालणाऱ्या दुसऱ्या मशीनवर फॉरमॅट ए: /एस देऊन फ्लॉपी करा; बिन फाईल तिच्यावर आपोआप येते. त्या फ्लॉपीने सुरू केलंत की सी दिसायला हवा. स्कॅनडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवायचा तो कॉपी हातात आल्यावरच.

मिरज_४८६:
विंडोज ९५ प्लसचं ड्राइव्हस्पेस ३ कधी टाकलं होतं का? तसं असेल तर ६.२२ ची फ्लॉपी ती फाईल उघडणार नाही. आणि यूएसबी अ‍ॅडॉप्टरच्या नादी लागू नका, इतक्या जुन्या डिस्का बरेच अ‍ॅडॉप्टर ओळखत नाहीत.

हरिपूरकर:
प्लस कधीच नव्हतं. फ्लॉपी विश्रामबागेतल्या एका मित्राच्या मशीनवर केली. काल रात्री सी उघडला! डीबेसच्या डीबीएफ फायली दुसऱ्या डिस्कवर घेतल्या, लिब्रेऑफिसमध्ये सरळ उघडतात. पेव १७ समोर इंग्रजी अक्षरांत वडिलांचा शेरा आहे: ‘तोंड परत लिंपणे’. आईला वाचून दाखवला.